रिटायरमेंटचे पैसे आणि केनियाची ट्रिप : सुदामा नगरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. ताई इंदूरच्याच, शाळेत शिकवतात, पगार ३८ हजार, नोकरी अजून चार वर्षं. मिस्टर पीथमपूरला कंपनीत, येत्या मार्चमध्ये साठ पूर्ण होऊन रिटायर होतायत, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४६ लाख येतील. घर स्वतःचं, लोन फिटलेलं, बँकेत ६ लाखांची एफडी आणि एक आरडी. मिस्टरांना शुगर आहे. त्यांचं म्हणणं, पैसे हातात आले की ऑगस्टमध्ये केनिया, ९ रात्री, माणशी ३ लाख ९० हजार. पुण्याची मुलगी म्हणते गुडघे चालतायत तोवर जाऊन या. आणि ताई विचारतात, जाऊ की नको, रात्री झोप लागत नाहीये.

जा. पण ऑगस्टमध्ये नको, आणि त्या ४६ लाखांतून तर नकोच.

खात्यात एकदम एवढा आकडा दिसला की घरातलं सगळं राहून गेलेलं आठवायला लागतं, किचन, गाडी, भाच्याला उसने, आणि केनिया. पण तुमची नोकरी संपली की पुढची वीस-पंचवीस वर्षं तुम्ही दोघं याच पैशावर खाणार आहात. दोघांचे मिळून ७ लाख ८० हजार होतात, तेच सीनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवले तर ८.२ टक्क्यांनी महिन्याला साधारण ५,३०० रुपये पडतात. तुम्ही लिहिलेल्या खर्चात किराणा ५ हजार आहे ना, तेवढाच.

आणि एक गोष्ट तुमच्या मेसेजमध्ये कुठेच नाही, ती मला केनियापेक्षा जास्त खटकली. मेडिक्लेम! आत्ता कंपनीचा आहे, मार्चनंतर तो गेला. शुगर आहे म्हटल्यावर नवीन पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती पॉलिसी याच महिन्यात घ्या, शुगर न लपवता फॉर्म भरा, म्हणजे थांबायचा काळ आत्तापासूनच मोजायला सुरुवात होईल. तिकीट त्यानंतर.

आता ऑगस्ट का नको. जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचं, म्हणजे हरणाच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांच्या कळपांचं, मायग्रेशन केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात असतं, मारा नदी ओलांडतानाचे ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळे सगळं जग तेव्हाच तिथे. माराची एंट्री फी जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत २०० डॉलर. दोघं, तीन दिवस, म्हणजे ६०० डॉलरचा फरक, हिशोबाला डॉलर ९० धरला तर ५४ हजार रुपये नुसत्या गेटवर. लॉजचे भाव चढतात ते वेगळेच. आणि ऑगस्टमध्ये तुमची शाळा चालू, बिनपगारी रजा घ्यावी लागेल, ते पैसे कोणी मोजलेच नाहीत.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा, तुमची शाळा मध्यात उघडते असं तुम्हीच लिहिलंय. खरं सांगायचं तर तेव्हा मोठा पाऊस नुकताच संपत आलेला असतो, गवत उंच असतं, प्राणी शोधावे लागतात आणि नदी ओलांडणारे कळप बहुतेक नाही दिसणार. पण सिंह, हत्ती, जिराफ तिथे बारा महिने राहतात, नाकुरू पार्कला गेंडे आहेत, आणि अंबोसेली पार्कात सकाळी लवकर आभाळ मोकळं असलं की हत्तींच्या मागे किलिमांजारो दिसतो, डोंगर टांझानियातला, बघायचा केनियातून. मिस्टरांचा जीव फक्त त्या नदीतच अडकला असेल तर माझा हिशोब फसला, मग एक वर्ष थांबून साठवा. आपल्याकडे कान्हा आहे, २०२२ पासून कुनोत चित्तेही आहेत, म्हणून केनिया कशाला, असं मी म्हणणार नाही. ती वेगळी हौस आहे.

तुम्ही पाठवलेला ट्रॅव्हल कंपनीच्या कोटेशनचा फोटो झूम करून वाचला. पान दोनवर खाली बारीक अक्षरात तीन ओळी आहेत. टिप्स वेगळ्या, बलून (गरम हवेच्या फुग्यातून जंगलावरची फेरी) वेगळा, आणि "पार्क फी बदलल्यास फरक प्रवाशाने द्यावा". तिसरी ओळ काढायला लावा, नाहीतर आकडा लिहून मागा. अजून एक विचारा, माराला पहिल्या दिवशी किती वाजता पोचवणार? कारण तिकीट आता सकाळी ६ ते संध्याकाळी ६ चालतं, दुपारी चारला गेटमधून आत घेतलं तर दोन तासांसाठी पूर्ण दिवसाची फी गेली. माझ्या एका क्लायंटचं असंच झालं, आणि वर पावसात जीप रुतली. त्याच कोटेशनवर ईएमआयची ओळ आहे, तिच्याकडे बघूसुद्धा नका. टीसीएस, म्हणजे परदेशी टूरच्या बुकिंगलाच घेतात तो आगाऊ टॅक्स, लावतील, तो दर बजेटमध्ये बदलत आलाय म्हणून आजचा दर लिहून घ्या. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात, पण बुकिंगच्या दिवशी खिशात असावे लागतात.

पैसे आणायचे कुठून? आरडी एप्रिलमध्ये ३ लाख होतेय. मिस्टरांच्या शिल्लक रजांचे अडीच लाख येतील असं तुम्ही म्हणताय. दिवाळी बोनसचे ५० हजार बाजूला काढा. झाले ६ लाख, आणि ट्रिप सहातच बसवायची, टीसीएस धरून. जूनचं कोटेशन त्यात बसत नसेल तर दोन रात्री कमी करा. ६ लाखांची एफडी आजारपणासाठी आहे, तिला हात लावायचा नाही.

यलो फीव्हरची लस मात्र मार्चच्या आधी बघा. केनियाहून परतताना आपल्या एअरपोर्टवर सर्टिफिकेट मागतात, नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, आणि एकदा घेतली की सर्टिफिकेट जन्मभर चालतं, दहा दिवसांनी लागू होतं. तेव्हा साठ पूर्ण व्हायच्या आत मिस्टरांना त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांनी हो म्हटलं तर अधिकृत सेंटरवर घेऊन टाका. डॉक्टर नाही म्हणाले तर कळेल तरी, बुकिंगचे पैसे भरायच्या आधी.

बलून राहिला. माणशी चारशे-पाचशे डॉलर लागतात, तो सहा लाखांत नाही बसत. पुण्याच्या लेकीला म्हणावं, एवढी हौस आहे ना, मग बलून तुझ्याकडून.