पाणी स्वच्छ दिसते, मग मासे का मरतात? : घरगुती मत्स्यटाकीविषयी प्रश्नोत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. नवी टाकी आणली, पाणी काचेसारखे नितळ आहे, आणि तरीही आठ-दहा दिवसांत मासे एकामागून एक मरत आहेत. हाच प्रश्न मला वर्षानुवर्षे येत असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देत आहे; इतरांची उत्तरे गरजेपुरती आहेत.

मुलीच्या वाढदिवसाला काचेचा गोल बाऊल भेट आला आहे. त्यात किती गोल्डफिश ठेवता येतील? (एक वाचक, नाशिक)

एकही नाही. साधा गोल्डफिश नीट सांभाळला तर वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. बाऊलमध्ये मनीप्लँटची फांदी लावावी.

दोन फुटी टाकी, वाळू, फिल्टर आणि चौदा मासे एकाच दिवशी आणले. दहा दिवसांत नऊ मेले. दुकानदार म्हणतो, मासे नाजूक निघाले, दुसरे घेऊन जा. घरातील मोठी माणसे म्हणतात, घरावरचे संकट माशांनी स्वतःवर घेतले. खरे कारण काय? (एक वाचक, ठाणे)

आपण सांगितलेल्या क्रमावरून पाहता कारण बहुधा पाण्यातच आहे, आणि ते डोळ्यांना दिसणारे नाही. मासा कल्ल्यांवाटे अखंड अमोनिया बाहेर टाकत असतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. तळ्यात किंवा नदीत तो भरपूर पाण्यात पांगतो, वनस्पती आणि जिवाणू तो वापरून टाकतात. आपल्या जेमतेम पन्नास लिटरच्या टाकीत मात्र तो साचत राहतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर, वाळूच्या कणांवर आणि काचेवर उपयुक्त जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. त्यातील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशाला विषच आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून दर आठवड्याला थोडे पाणी बदलून आणि वनस्पती लावून ते काबूत ठेवता येते. हा जिवाणूंचा थर कोऱ्या टाकीत नसतो. तो तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण तर पहिल्याच दिवशी चौदा मासे सोडले.

माझ्याकडे येणारी पाण्याची बाटली बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याइतकी स्वच्छ दिसते. परीक्षानळीत पाच मिलिलीटर पाणी घेऊन त्यात चाचणीचे थेंब टाकले की पाच मिनिटांत रंग ठरतो : अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहते, असेल तर हिरवे होत जाते. बाटली घेऊन आलेली व्यक्ती तो रंग पालकासारखा गडद होताना स्वतः पाहते, तेव्हाच तिला पटते. घरी टीडीएस मीटर असणारे वाचक मला आकडे कळवतात. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, अमोनियाबद्दल काहीही सांगत नाही. चाचणीचा संच माशांच्या एका जोडीहून महाग वाटला तरी टाकीबरोबर तोच आधी घ्यावा.

येथे पाण्याच्या सामूचाही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे) विचार करावा लागतो. अमोनियाचा काही भाग मुक्त वायूच्या रूपात असतो आणि तोच अधिक घातक असतो. सामू सातवरून आठवर गेला की हा घातक भाग सुमारे दहापट होतो, आणि पाणी तापले की आणखी वाढतो. त्यामुळे बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर नवी टाकी चालवणाऱ्यांचे मासे धरणाचे मृदू पाणी वापरणाऱ्यांच्या माशांपेक्षा लवकर दगावतात. नायट्राइटचा परिणाम वेगळा असतो. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते आणि रक्त तपकिरी पडते. हवेचा पंप जोरात चालू असतानाही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात ते यामुळे.

आता संकट घेण्याविषयी. कोणाच्याही श्रद्धेला धक्का लावण्याची माझी इच्छा नाही, परंतु या एका समजुतीमुळे किती मासे विनाकारण मरतात हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मासा संकट घेऊन गेला असे एकदा ठरले की तो का मेला हे कोणी शोधत नाही. त्याच्या जागी दुसरा येतो, त्याच पाण्यात सोडला जातो आणि त्याच कारणाने मरतो. दुकानदाराचे ‘दुसरे घेऊन जा’ हे वाक्यही याच अज्ञानावर चालते. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकणारा दुकानदार काही आठवड्यांनी होणारी विक्री आज करून टाकतो, आणि मेलेल्या माशांच्या बदली मासे पुन्हा विकतो. आज टाकी घ्या आणि महिन्याने माशांसाठी या, असे सांगणारे प्रामाणिक दुकानदार थोडे आहेत, पण आहेत. असा भेटला तर त्याला सोडू नये.

उरलेल्या पाच माशांसाठी आजपासून पुढील गोष्टी कराव्यात. खाद्य निम्म्याहून कमी करावे, एखादा दिवस अजिबात देऊ नये. रोज पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे; नवे पाणी क्लोरीन घालवलेले आणि टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. क्लोरीन काढण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे द्रावण दुकानात मिळते; पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यानेही साधा क्लोरीन निघून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) मात्र जात नाही. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य येईपर्यंत एकही नवा मासा आणू नये. ओळखीच्या माणसाच्या निरोगी, जुन्या टाकीतील फिल्टरचा वापरलेला स्पंज मिळाला तर तो आपल्या फिल्टरमध्ये बसवावा, त्याने हा काळ बराच कमी होतो. बाटलीतून मिळणाऱ्या जिवाणूंचा काही वेळा उपयोग होतो, परंतु बाटली ओतली म्हणून चाचणी टाळणे चुकीचे आहे. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर पाण्याचा नमुना घेऊन जवळच्या मत्स्यतज्ज्ञाला भेटावे.

फायटर माशाला फिल्टर लागत नाही, असे ऐकले. (एक वाचक, सोलापूर)

लागतो. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतो एवढाच त्याचा विशेष आहे. अमोनिया त्यालाही तितकाच भाजतो. फक्त फिल्टरचा प्रवाह मंद असावा.

दर महिन्याला एक माणूस येऊन टाकी साफ करतो. सगळे पाणी काढतो, वाळू आणि स्पंज नळाखाली पांढरे होईपर्यंत धुतो. तरीही दोन-तीन दिवस मासे सुस्त असतात. (एक वाचक, पुणे)

‘तरीही’ म्हणू नये, ‘म्हणूनच’ म्हणावे. महिनाभरात तयार झालेला जिवाणूंचा थर तो माणूस नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊन टाकतो आणि आपली टाकी दर महिन्याला नवी कोरी होते. त्याला पुढील वेळी थांबवावे. आठवड्याला पंचवीस टक्के पाणी नळीने तळाची घाण ओढत काढावे, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोन-तीनदा पिळून परत लावावा. तो मळकट दिसेल, दिसू द्यावा.

माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आहेत. निळे औषध टाकले, टेट्रासायक्लिनची कॅप्सूलही टाकली. चार दिवसांनी ठिपके गेले, आठवड्याने पुन्हा आले. (एक वाचक, कोल्हापूर)

आपण वर्णन केलेली लक्षणे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची वाटतात. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. हा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, मोठा झाला की गळून तळाशी जातो, तेथे विभागून त्याची असंख्य पिल्ले होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. औषध केवळ या पोहणाऱ्या पिल्लांना मारते. ठिपके गेले म्हणजे परजीवी तळाशी गेले. तेव्हाच उपचार थांबवला तर रोग परतणारच. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार पुढे काही दिवस चालू ठेवावा लागतो. टेट्रासायक्लिन हे जिवाणूंवरील प्रतिजैविक आहे, या परजीवीवर त्याचा काही उपयोग नाही, मात्र फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना त्याने इजा होऊ शकते. निळे औषध बहुधा मिथिलीन ब्लू असावे. तेही फिल्टर आणि वनस्पती दोन्हींना सोसत नाही, म्हणून ते मुख्य टाकीत न टाकता वेगळ्या टाकीत वापरावे. कोणते औषध आणि किती, हे माशाची जात आणि टाकीचे खरे लिटर पाहून ठरते. शेजाऱ्याच्या प्रमाणावरून ठरत नाही. आधी तज्ज्ञाला दाखवावे.

जावा फर्न काळे पडून कुजले, आणि क्रिप्टोकोरिनची सगळी पाने आठवड्यात विरघळली. खत कमी पडले का? (एक वाचक, पणजी)

खताशी संबंध नाही. जावा फर्न आणि अनुबियासचे आडवे मूळखोड वाळूत पुरले की कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे, मुळे स्वतःच पकड घेतात. क्रिप्टोकोरिन जागा बदलली की पाने टाकते. रोपवाटिकेत ती पुष्कळदा पाण्याबाहेर वाढवलेली असते, त्यामुळे जुनी पाने पाण्यात टिकत नाहीत. मुळे कडक आणि पांढरी असतील तर रोप उपटू नये, तीन-चार आठवड्यांत पाण्यातली पाने फुटतात. कुजकी पाने मात्र लगेच कापून काढावीत, कारण तीही अमोनियाच तयार करतात. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. अधिक लावल्यास आधी शेवाळ वाढते.

कास पठारावर डबक्यात वायतुरा पाहिला. त्याचा कंद आणून टाकीत लावता येईल का? (एक वाचक, सातारा)

आणू नये. ही वनस्पती जगात फार थोड्या ठिकाणी उगवते, पावसाळ्यानंतर तिचा कंद कोरड्या जमिनीत विश्रांती घेतो, आणि बारमाही भरलेल्या टाकीत तिला तो विसावा मिळत नाही. त्याऐवजी व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावावी.

टाकी साफ ठेवण्यासाठी घेतलेला सकर मासा फूटभर झाला. गावच्या तलावात सोडला तर चालेल का? (एक वाचक, इंदापूर)

कृपया सोडू नका. आपल्या भागातील वाचकाने हे विचारावे याचे मला वाईट वाटते, कारण शेजारच्याच उजनी जलाशयात या माशाने मच्छीमारांना जेरीस आणले आहे. जाळ्यात तो भरतो, त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटते आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही. हा दक्षिण अमेरिकेतला मासा येथे हौशी लोकांच्या आणि विक्रेत्यांच्या हातून आला. टाकी साफ करणारा मासा हे त्याचे विक्रीचे नाव आहे. लहानपणी तो थोडे शेवाळ खातो, पण खातो त्याहून अधिक विष्ठा टाकतो. मोठ्या टाकीचा मालक शोधावा किंवा दुकानाला परत द्यावा. दोन्ही जमले नाही तर मत्स्य महाविद्यालयाचा किंवा पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. नदी, विहीर आणि तलाव हे पर्याय नाहीत.

उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३४ अंशांवर जाते. बर्फ टाकावा का? (एक वाचक, चंद्रपूर)

थेट बर्फ टाकू नये, तापमान झटक्यात उतरते. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा. विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप रात्रीही चालू ठेवावा, आणि वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा.

काल मेलेला मासा फ्रीजरमध्ये ठेवला आहे. तपासणीसाठी आणू का? (एक वाचक, रत्नागिरी)

गोठलेल्या माशाच्या पेशी फुटतात आणि त्याच्यावरील परजीवी ओळखता येत नाहीत, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग होणार नाही. आजारी पण जिवंत मासा टाकीच्याच पाण्यात, पिशवीत भरपूर हवा ठेवून आणावा. नुकताच मेला असेल तर ओल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फावर, काही तासांच्या आत आणावा. सोबत स्वच्छ बाटलीत टाकीचे अर्धा लिटर पाणी काठोकाठ भरून आणावे, आणि टाकीचे लिटर, माशांची संख्या, शेवटचे पाणी कधी बदलले व आजवर कोणती औषधे टाकली हे कागदावर लिहून आणावे. आपल्या शहराजवळच शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तेथे आधी चौकशी करून मगच निघावे.