ओटीतला तो कागद आधी हातात घ्या

घणसोलीहून एका वडिलांनी लिहिलंय. मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात 21 महिन्यांपूर्वी झालं. खर्च 7 लाखांच्या आसपास, सगळा खिशातून आणि नातेवाइकांच्या उसनवारीवर. ऑपरेशन चालू असतानाच ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, इम्प्लांट तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "काही इलेक्ट्रोडचा रिस्पॉन्स आला नाही, पण येईल हळूहळू." डिस्चार्ज कार्डावर मात्र एकच ओळ: टेस्टिंग समाधानकारक. स्विच ऑननंतर, म्हणजे यंत्र चालू केल्यावर, मुलगी हाकेला नीट वळेना, तरी दर वेळी "थेरपी चालू ठेवा" एवढंच उत्तर. पाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर कानाच्या आत सरकवलेल्या, इलेक्ट्रोड असलेल्या तारेचं टोक दुमडलेलं. आता पुन्हा ऑपरेशन. केस होते का आणि भरपाई किती मिळेल, असा त्यांचा प्रश्न.

अशी पत्रं मला सतत येतात. कुणाचा गुडघा, कुणाची मोतीबिंदूची लेन्स, आणि शेवटी भरपाईचा आकडा. आकड्याबद्दल आज मी काही बोलणार नाही. पैसे मोजून घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगून टाकलंय, तेही पुन्हा उगाळत नाही. तुमची केस दोन गोष्टींवर उभी राहील किंवा पडेल: एक तारीख आणि एक कागद.

आधी तारीख. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69 म्हणतं, वादकारण (तक्रारीचं मूळ कारण) घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार दाखल करा. वादकारण घडलं कधी? तुम्ही म्हणाल, एक्स-रे पाहिला तेव्हा. ग्राहक आयोगापुढे मीही तेच म्हणेन. पण सामनेवाल्यांचा वकील तुमचंच वाक्य वाचून दाखवेल, की ऑडिओलॉजिस्टने त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे शंकेला जागा पहिल्या दिवसापासून होती. गोव्यातल्या एका नर्सच्या पोटात 1993 च्या ऑपरेशनमध्ये गॉज राहिला, तो निघाला 2002 मध्ये, तक्रार झाली 2004 मध्ये. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखणं अंगावर काढलंत, स्वतः नर्स असून संशय कसा आला नाही, असा एकूण सूर. तुम्ही नर्स नाही हे खरं, तरी मोजणी ऑपरेशनच्या तारखेपासूनच धरा. तुमच्याकडे तीन महिने आहेत. विलंब माफीचा अर्ज असतो, पण तो मंजूर होईल या भरवशावर कुणी राहू नये. "मुलगी अज्ञान आहे, ती 18 वर्षांची झाल्यावरही चालेल," असं मेव्हण्याने सांगितलंय म्हणता. मुलीपुरता हा वाद घालता येईल, टिकेलच असं नाही. शिवाय 1998 च्या निकालानुसार आईवडीलही स्वतः ग्राहक असतात. तुमची स्वतःची मुदत मुलीच्या वयासाठी थांबत नाही.

आता कागद. भूल दिलेलं मूल "ऐकू आलं" म्हणून सांगू शकत नाही. म्हणून ओटीतच इम्प्लांटमधून बारीक करंट सोडतात आणि दोन गोष्टी बघतात: प्रत्येक इलेक्ट्रोडचं सर्किट जुळलंय का, आणि श्रवणनस उलट संदेश देते का. तुमच्या मुलीच्या मॉडेलमध्ये 22 इलेक्ट्रोड आहेत. म्हणजे त्या प्रिंटआउटवर 22 ओळी, समोर किलोओहममधले आकडे, कुठे ओपन सर्किटची (जोडणी तुटल्याची) खूण आणि वर तारीख-वेळ. "समाधानकारक" हे त्या 22 ओळींचं हॉस्पिटलने केलेलं भाषांतर आहे. मूळ तुम्ही पाहिलेलंच नाही. आणि तुम्ही काय केलंत? "रिव्हिजनचं (पुन्हा करायच्या ऑपरेशनचं) एस्टिमेट काढायचंय" म्हटल्यावर अख्खी ओरिजिनल फाइल ईएनटी विभागात देऊन आलात, झेरॉक्ससुद्धा न काढता! कोर्टनाक्यावर दोन रुपयांत पान निघतं हो. आणि रिपोर्ट मागितला तो फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, दीड वर्ष. निळ्या टिकांना पोच म्हणत नाहीत.

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने रेकॉर्ड मागितलं की ते 72 तासांत द्यावं लागतं. तोंडी मागणी झालीच नव्हती, असं ते सहज म्हणतील. तेव्हा उद्या लेखी अर्ज घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का देत नसतील तर तिथूनच स्पीड पोस्ट आणि ईमेल. अर्जात नुसतं "केस पेपर द्या" लिहू नका. ऑपरेशन नोट्स, संमतिपत्र, इम्प्लांटचा सिरियल नंबर असलेलं स्टिकर, ओटीतल्या टेस्टिंगचा प्रिंटआउट व त्याची मूळ फाइल, आणि त्या दिवशी एक्स-रे काढला असल्यास तो, असं नाव घेऊन मागा. एक गोम आहे. टेस्टिंगचा लॅपटॉप बऱ्याचदा कंपनीच्या माणसाचा असतो. हॉस्पिटल म्हणेल, डेटा आमच्याकडे नाही. म्हणून तेच पत्र बिलावर ज्या वितरकाचं नाव आहे त्यालाही द्या. 72 तासांचं बंधन त्याला नाही, पण पुढे आयोगाकडून कागद हजर करवून घेताना हे पत्र कामी येतं. रेकॉर्ड 3 वर्षं जपायचा नियम आहे. लॅपटॉप फॉरमॅट व्हायला तेवढी वाट बघावी लागत नाही.

निष्काळजीपणा सिद्ध होईल का? इथे मी हात राखून बोलतो. ओटीत रिस्पॉन्स आला नाही एवढ्यावर चूक ठरत नाही. अशी काही मुलं पुढे चांगली ऐकतात. उलट आकडे ठीक असूनही टोक दुमडलेलं असू शकतं, ते एक्स-रेत दिसतं. पण आकडे बिघडलेले दिसत असताना टेबलावरच एक्स-रे का घेतला नाही, आणि तुम्हाला लेखी काहीच का दिलं नाही, हे दोन प्रश्न जड आहेत. त्यावर तज्ज्ञ ईएनटी सर्जनचं मत लागेल. ते मिळवणं सोपं नाही, डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात.

तक्रार ठाणे जिल्ह्यातच करता येते. हॉस्पिटल मुंबईत असलं तरी तुम्ही राहता कुठे हे आता पुरतं. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, 7 लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये. सामनेवाल्यांना उत्तराला 30 आणि फार तर आणखी 15 दिवस. नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांत निकाल, असंही कायद्यात लिहिलंय. ते वाचून हसू येतं. वर्षं धरा.

केससाठी मुलीचं ऑपरेशन मात्र एक दिवसही लांबवू नका, बोलायला शिकण्याचं वय कोर्टासाठी थांबत नाही. जुनं इम्प्लांट काढण्याआधी हॉस्पिटलला लेखी द्या: ते फोटो काढून, सिरियल नंबर नोंदवून, तुमच्यासमोर सील व्हावं. वॉरंटीसाठी कंपनी ते परत मागेल. देताना पोच घ्या आणि तपासणी अहवालाची प्रत मागा. हॉस्पिटल सर्जनची फी माफ करतंय आणि त्याच फॉर्मवर "आधीच्या शस्त्रक्रियेबाबत आमची कोणतीही तक्रार नाही" असं छापलंय, म्हणता. त्या वाक्यावर आडवी रेघ मारून "सर्व हक्क राखून" लिहा, मग सही करा. तसं चालणार नाही म्हणाले, तर सही करायच्या आधी तो फॉर्म घेऊन माझ्याकडे या.