कापलेला पैसा

पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्रीचा तुझा मेसेज तीनदा वाचला. 'काका, ग्राहकाचं बिल अडकलंय, या वेळचं पीएफचं चलान पुढच्या महिन्यात भरलं तर चालेल का?' पगार झालेत, स्लिपा वाटून झाल्यात, त्यावर कपातही छापलीय. मग विचारतेस काय? तो पैसा तुझा नाही.

तू म्हणशील, 12 टक्के कामगाराचे, 12 माझे, सगळे जातात माझ्याच खात्यातून. तुझ्या 12 टक्क्यांचं तू बघ. त्याचे 12 मात्र पगाराच्या दिवशीच त्याचे झाले. पुढच्या पंधरा तारखेपर्यंत ते तुझ्या खात्यात पाहुणे आहेत, आणि पाहुण्याच्या खिशात कुणी हात घालत नाही. उशीर झाला की वर्षाला 12 टक्के व्याज, शिवाय नुकसानभरपाई वेगळी. कापून भरलेच नाहीत, तर तो फौजदारी न्यासभंग, म्हणजे विश्वासानं हाती सोपवलेला पैसा गिळल्याचा गुन्हा. उधारी थकणं निराळं, हे निराळं.

व्यवसाय कराचंही तेच. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. रक्कम एवढीशी, म्हणूनच राहून जाते. आणि तुझ्या पॅकिंगमधल्या बायकांचे 200 कापतेस का गं? महाराष्ट्रात महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना एप्रिल 2023 पासून हा कर नाही. कापले असशील तर आधी परत कर. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाऊण टक्का, जून-डिसेंबरचा कामगार कल्याण निधी, सगळ्याला एकच नियम: कापला तो आपला नाही.

तुझा तो सल्लागार, पीएफ वाचवायला 'बेसिक कमी दाखवा, पटावर 19च माणसं ठेवा' म्हणणारा, त्याला चहा पाजून घरी पाठव. 20 माणसं झाली की पीएफ लागू होतो, आणि ठेकेदाराची माणसंही त्या 20 मध्ये मोजली जातात. आणि नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्यात. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरतात.

मी एवढा का चिडतो, ते सांगतो. भोसरीत माझं पत्र्याच्या पार्टांचं प्रेस शॉप होतं तेव्हा मंदीत तीन महिन्यांचा कापलेला पीएफ मी पत्रा विकत घेण्यात घातला. भरणारच होतो. भरलाही, सव्वा वर्षानं. मधल्या काळात एका ऑपरेटरनं मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून उचल मागितली. खात्यात रक्कम कमी निघाली. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, माझ्या पगारातून तर कापलेत ना?"

त्या मंदीत मी एकालाही घरी बसवलं नाही. सात तारखेचा पगार कधी आठला गेला नाही. शेजारचे दोन शेड बंद पडले, माझं चालू राहिलं. हे सगळं खरं आहे. तरी त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून यातलं एकही चालत नाही, हे तीस वर्षं झाली तरी मला टोचतं.

तर आता ऐक. पगाराच्या दिवशीच सगळी कपात दुसऱ्या खात्यात टाकत जा, डोळ्यांसमोर राहिलीच नाही पाहिजे. आज 11 तारीख. चार दिवसांसाठी ओव्हरड्राफ्ट उचल, नाहीतर माझ्याकडून घे, लाजू नकोस. लघुउद्योग म्हणून तुझी सरकारी उद्यम नोंदणी आहे ना? मग त्या ग्राहकाला 45 दिवसांच्या आत पैसे देणं कायद्यानं भाग आहे. बिलाची तारीख आणि माल पोचल्याची सही संध्याकाळपर्यंत पाठव, पत्राचा मसुदा मी करून देतो.

काका