आजीलाच विचार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आजी आता थोड्या दिवसांची सोबती आहे, पण तिला काही कळू द्यायचं नाही, असं काकांनी बजावलंय म्हणतेस. अगं, पंचवटीतल्या त्या वाड्याचा कारभार जिने एकहाती हाकला, तिला स्वतःच्या पोटातलं दुखणं कळत नसेल? वॉर्डात मी हेच बघत आले. पेशंटला सगळं ठाऊक असतं आणि घरचे हसरे तोंड करून वावरतात.

दुपारी सगळे पांगले की पाय चेपता चेपता विचार, "आजी, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का तुला?" नको म्हणाली तर विषय सोड. हो म्हणाली तर थापा मारू नकोस. मग हळूच पुढचं काढ: घरी राहायचंय की दवाखान्यात? नळ्या, व्हेंटिलेटर हवाय का? शुद्ध चांगली आहे तोवरच लिहून घ्या. 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

मॉर्फिनला काकू घाबरतात, "सवय लागेल" म्हणून. या दुखण्यात कसली सवय घेऊन बसलात! साधी गोळी असेल तर ती बहुधा दर चार तासांनी असते. डॉक्टरांनी दिलेली वेळ घड्याळ लावून पाळायची, कळ उठायची वाट बघायची नाही. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होतंच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवशी मागून घे. गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, तेव्हा पाकीट संपत आलं की लगेच हालचाल कर.

आणि ते भरवणं थांबवा. "चार घास पोटात गेले की बळ येईल" हे आता लागू नाही. शरीर आवरतं घेतं तेव्हा भूकच मरते. जबरदस्तीची पेज ठसका लागून छातीत जाते. तोंड ओल्या कापसाने पुसत जा, ओठांना साजूक तूप लाव. द्राक्ष मागितलं तर सोलून, बी काढून, नीट बसवून अर्धं दे. हौस भागते.

गोदाकाठी गंगेवर ने म्हणाली तर पुढच्या रविवारवर ढकलू नकोस. बसवतंय तोवर पहाटे रिक्षा करून रामकुंडावर नेऊन आण. डॉक्टरांना विचारून गोळी आधी दे.

काकांशी भांडू नकोस. आई जातेय त्यांची. त्यांना माझ्याकडे पाठव, चहाला म्हणून.

तुझी,
मावशी