लिस्ट आहे, ॲप आहे, तरी कामं का सरकत नाहीत?

मी समुपदेशक आहे, गेल्या वर्षभरात ही एक तक्रार इतक्या जणांकडून ऐकली की आता समोरच्यानं "मॅडम, टाइम मॅनेजमेंटचं जरा..." म्हटलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. सगळं लिहून ठेवते, ॲप घेतलंय, डायरी आहे, रिमाइंडर वाजतात, तरी कामं तिथल्या तिथंच. आणि शेवटी आवाज खाली घेऊन, "मी आळशी आहे का हो?"

त्यातल्याच एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि बऱ्याच भेटींचं थोडक्यात लिहितेय. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत टॅक्सचं काम करणारं छोटं ऑफिस, घरी नवरा, दोन पोरं, सासरे म्हणजे अण्णा. वय चाळिशीच्या आत. पहिल्या भेटीत त्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघा, ११८ कामं पेंडिंग, सगळी लाल. रात्री झोपताना हे बघते आणि मग झोप येत न्हाई."

मी विचारलं, ऑफिसचं कुठलं रिटर्न शेवटचं कधी चुकलं?

त्यांना रागच आला. "चुकलं? सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर वन, वीसला थ्री बी. माझ्याकडं लेट फी लागली तर ती क्लायंटनं बिलं उशिरा दिली म्हणून, माझ्यामुळं कधीच न्हाई."

मग आळशी कोण? दर महिन्याला पन्नास दुकानांची रिटर्नं तारखेच्या आत भरणारी बाई आळशी आहे हे मला कुणी पटवून दाखवावं. माझा ओढा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडं आहे, १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडायला सुरुवात केली, आणि तिथं पहिली सवय हीच लागते की माणूस स्वतःला जे लेबल लावतो त्याचा पुरावा मागायचा. पुरावा उलटाच निघाला. ज्या कामाला तारीख आहे, फॉर्म आहे, काय भरायचं ते ठरलेलं आहे, ते त्या डोळे झाकून करतात. अडतं ते ठरलेलं नसलेलं.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, लाल झालेली कामं मोठ्यानं वाचा. त्या भराभर वाचत सुटल्या, गॅस बुकिंग, कपाट आवरणे, भिशीचा हिशोब, इंग्लिश स्पीकिंग, अण्णांचं डोळ्याचं बघणे, पोराचा बसचा पास...

"थांबा. अण्णांचं डोळ्याचं हे कधीपासून आहे?"

"झाले की चार-पाच महिने. मोतीबिंदू. रोज सकाळी उद्यावर ढकलते."

"उद्या सकाळी दहा वाजता हे काम करायला बसलात तर पहिल्यांदा हातात काय घ्याल? फोन, फाईल, गाडीची किल्ली?"

त्या बोलेनात. पदराशी चाळा चालला होता, मीही गप्प बसले (या धंद्यात गप्प बसणं हे निम्मं काम, नवीन समुपदेशकांना मी हेच सांगते). मग म्हणाल्या, "आधी भाऊजींना विचारायला पायजे. खर्चाचं."

"सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं."

"म्हाईत आहे वो. पण तिथं नेलं तर म्हणणार, वडलांना सरकारीत टाकलं. खासगीत नेलं तर म्हणणार, आम्हाला न विचारता ठरवलं. आणि विचारलं तर घरात चार दिवस कोण कुणाशी बोलत न्हाई." एवढं बोलून त्या थांबल्या आणि एकदम हसल्याच. "म्हणजे मॅडम, हे डोळ्याचं कामच न्हाई. हे भांडणाचं काम आहे!"

माझ्या मते त्यांचं निम्मं समुपदेशन त्या वाक्यात झालं, आणि ते वाक्य त्यांचं, माझं नव्हे. मला मात्र तेव्हापासून लिस्ट वाचायची एक वेगळी नजर आली असं म्हणायला हरकत नाही. रोज उद्यावर जाणारं काम हे बहुतेक वेळा काम नसतंच. त्याच्या पोटात एक न घेतलेला निर्णय असतो, नाहीतर कुणालातरी न दिलेला नकार. भिशीचा हिशोब घ्या. त्यांना तो ठेवायचाच नव्हता, पण कॉलनीतल्या बायकांना नाही कसं म्हणायचं म्हणून दर महिन्याला तो लाल व्हायचा. इंग्लिश स्पीकिंग ही तर नुसती इच्छा, तिला काम म्हणून लिहिलं आणि रोज स्वतःला नापास केलं.

हे डोक्यात का घोळत राहतं, तर अर्धवट गोष्ट मन सहज सोडत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये हे मांडलं. मिसळीच्या हॉटेलातल्या पोराला कुठल्या टेबलानं जादा कट मागितलाय ते बरोबर लक्षात असतं आणि पैसे दिले की त्याच टेबलाचं सगळं पुसलं जातं, तसंच. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं की काम पूर्ण व्हायची गरजही नसते, कधी-कुठं-कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी डोक्यातली टोचणी बरीच कमी होते. नुसतं 'अण्णांचं डोळ्याचं' असं लिहून काहीच ठरत नाही, म्हणून तर ११८ गोष्टी लिहूनही झोप येत नव्हती.

मग आम्ही भाऊजींवर आलो. "समजा ते चिडले, चार दिवस बोलले नाहीत. मग?"

"मग काय... पाचव्या दिवशी बोलतील की. पोरांच्या वाढदिवसाला यायचंच आहे त्यांना."

वाक्य तिथंच बसून तयार केलं, दोनतीनदा म्हणून बघितलं. "भाऊजी, अण्णांचं ऑपरेशन या महिन्यात करायचं आहे, निम्मा खर्च तुमच्याकडं धरलाय, जमत नसेल तर किती जमेल ते सांगा." आणि लिस्टमध्ये जुनी ओळ पुसून नवीन लिहिली, 'रविवारी जेवण झालं की भाऊजींना फोन'. भाऊजी कुरकुरले, पण निम्म्याच्या जवळपास आले.

तुमचीही लिस्ट अशीच लाल असेल तर तिसऱ्यांदा ढकललेल्या प्रत्येक कामाला विचारा की हे करायला बसलो तर हातात काय घेणार. उत्तर आलं नाही तर काय ठरवायचं राहिलंय ते शोधा. सोबत हेही विचारा की हे काम माझं आहे का. ताईंच्या लिस्टमधलं गॅस, लाईटबिल, बसचा पास हे नवऱ्याकडं गेलं, आणि पूर्ण गेलं, आठवण करून देण्यासकट. आठवण आपण करायची आणि काम त्यांनी करायचं याला वाटणी म्हणत नाहीत. इच्छांची पाटी वेगळी करा, तिला तारीख नको. आणि दिवस भरताना हात राखून भरा, ताई तर थ्री बीच्या आदल्या दिवशी, १९ तारखेलासुद्धा, घरची चौदा कामं टाकायच्या. कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, काहनेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हे १९७९ मध्येच लिहून ठेवलंय, तरी आपण धरतोच.

एक मात्र. विसरणं, अर्धवट सोडणं, वस्तू हरवणं हे तुमचं शाळेत असल्यापासून चालू असेल, किंवा आताशा कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलीय असं असेल, तर लिस्ट सुधारत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. लगेच जाणं जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि कुठलं ॲप वापरू असं विचारणाऱ्यांसाठी, ताई अजून तेच जुनं ॲप वापरतात. लाल आकडा दाखवणारं सेटिंग तेवढं बंद केलंय. भिशीचा हिशोब आता दुसऱ्या एक वहिनी ठेवतात, आणि ताईंच्या मते तो चुकीचा ठेवतात.