वाचकांचे प्रश्न : गुहेतल्या जिवाणूंकडून नवीन अँटिबायोटिक मिळेल का?

प्रश्न : बाहेर एवढी माती पडलेली असताना शास्त्रज्ञ दोर लावून अंधाऱ्या गुहांमध्ये कशाला उतरतात? नवीन औषध तिथेच मिळणार असं काही आहे का?

तिथेच मिळणार असं काही नाही. पण उतरण्यामागे कारण आहे. मातीनं आपल्याला आधीच खूप दिलंय, १९४३ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ वॅक्समन यांच्या लॅबमध्ये त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं ते मातीतल्याच जिवाणूकडून, आणि मग पुढची वीसेक वर्षं जगभरच्या कंपन्यांनी माती अक्षरशः चाळून काढली. आता अडचण अशी की साध्या मातीतून जिवाणू काढला, त्यानं लॅबमधल्या प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या बशीत) दुसऱ्या जिवाणूला मारलं, सगळे खूश झाले आणि तपासलं तर निघतं काय, तेच जुनं स्ट्रेप्टोमायसिन नाहीतर त्याचाच कुणी भाऊबंद. तेच तेच परत सापडत राहतं. म्हणून जिथे फारसं कुणी शोधलेलं नाही तिथे जायचं, एवढा साधा हिशोब आहे.

गुहेत ऊन नाही, त्यामुळे झाडंझुडपं नाहीत, खायला मिळतं ते वरून झिरपणाऱ्या पाण्यातून येईल तेवढंच. काही जिवाणू तर दगडातल्या लोखंड-मँगनीजवर दिवस काढतात. असे जीव लाखो वर्षं बाहेरच्यांपासून तुटलेले असले तर त्यांची रसायनं वेगळी असायची शक्यता वाढते, शक्यताच हं, खात्री नाही. चांगलं उदाहरण म्हणजे इटलीतली ग्रोत्ता देई चेर्वी, आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली गुहा. तिथल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूत (अँटिबायोटिक बनवण्यात पटाईत असलेला हा गट) सर्विमायसिन नावाचं अँटिबायोटिक सापडलं, २००५ मध्ये जाहीर झालं, आणि ते एमआरएसएसारख्या, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या चिवट जंतूंवरही चालतं. मेडिकलच्या दुकानात मात्र ते अजून आलेलं नाही.

प्रश्न : गुहेतून नमुना आणल्यावर पुढे नेमकं काय करतात?

खरी कटकट इथून सुरू होते, आणि बातमीत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

भिंतीवरून ओल्या स्वॅबनं पुसून घेतात किंवा चमचाभर गाळ खरवडतात. काही गुहांच्या भिंतींवर पांढरं, ओल्या चुन्यासारखं मऊ काहीतरी साठतं, त्याला मूनमिल्क म्हणतात, ते विशेष आवडीनं घेतात कारण त्यात स्ट्रेप्टोमायसिसची वस्ती दांडगी असते. (युरोपात पूर्वी हे मूनमिल्क जखमांवर लावायचे, त्याचा उपयोग किती व्हायचा कुणास ठाऊक.) बेल्जियममधल्या एका गुहेतल्या मूनमिल्कमधून स्ट्रेप्टोमायसिस ल्युनेलॅक्टिस नावाची नवीन प्रजातीच मिळाली.

मग प्लेटवर वाढवायचं. नेहमीचं भरपूर पोषण असलेलं अगार (जिवाणू ज्यावर वाढवतात ती जेली) दिलं तर हे बरेचदा वाढतच नाहीत, उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवायला घातलं तर त्याला सोसत नाही ना, तसंच. म्हणून अगार पातळ पोषणाचं करायचं, तापमान गुहेइतकं थंड ठेवायचं आणि वाट बघायची. पोटातल्या ई. कोलाय जिवाणूची कॉलनी, म्हणजे डोळ्यांना दिसेल असा पुंजका, एका रात्रीत दिसते, इथे आठवडे जातात, कधी महिने. एवढं करूनही बहुतेक जिवाणू लॅबमध्ये येतच नाहीत.

जो येतो त्याची परीक्षा. स्ट्रेप्टोमायसिसची कॉलनी बघितली तर आधी गुळगुळीत असते, मग वर खडूची भुकटी टाकल्यासारखी कोरडी होते, आणि झाकण उघडलं की पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो, तो वास देणारं रसायन हेच बनवतात. हिला प्लेटच्या मधोमध आडवी रेघ ओढून वाढवायचं, नंतर तिच्या काटकोनात रोगजंतूंच्या रेघा ओढायच्या, आणि मधल्या रेघेजवळ त्या अर्ध्यात थांबल्या, तिथे स्वच्छ मोकळी जागा दिसली तर समजायचं की आत काहीतरी आहे.

काहीतरी म्हणजे काय ते आता शोधा! आधी ओळखीचं आहे का ते बघायचं, बहुतेक वेळा असतंच आणि खेळ तिथेच संपतो. नवीन निघालं तर ते माणसाच्या पेशींनाही मारतं का ते बघायचं, कारण जंतू ब्लीचनंही मरतात म्हणून आपण ब्लीच पीत नाही. आणि एक गंमत अशी की जिवाणूचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तर रसायन बनवायच्या जीन्सचे वीस-तीस संच दिसतात पण प्लेटवर त्यातले दोन-चारच चालू असतात, बाकीचे झोपलेले. त्यांना उठवायला शेजारी दुसरा जिवाणू वाढवून बघतात, खाणं बदलून बघतात. माझ्या मते येत्या काळात नवीन काही मिळालं तर ते या झोपलेल्यांकडूनच मिळेल, आणखी दहा गुहा पालथ्या घालून नाही.

प्रश्न : लाखो वर्षं बंद असलेल्या गुहेतल्या जिवाणूंवर आपली अँटिबायोटिक चालत नाहीत असं वाचलं. माणूस तिथे गेलाच नाही तर रेझिस्टन्स आला कुठून?

ती गुहा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधली लेचुगिया. १९८६ साली आतला रस्ता मोकळा झाला आणि आजही ती सगळ्यांसाठी उघडी नाही. तिच्यातल्या चाळीस लाख वर्षांहून जास्त काळ जमिनीवरच्या जगापासून तुटलेल्या भागातले जिवाणू शास्त्रज्ञ हेझल बार्टन, जेरी राइट आणि सहकाऱ्यांनी तपासले, २०१२ मध्ये निष्कर्ष आले, त्यातले काही जिवाणू चौदा-चौदा अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. नंतर त्यातल्याच पेनिबॅसिलस नावाच्या एका जिवाणूवर ४० औषधं वापरून बघितली तर २६ निकामी ठरली.

घाबरू नका, हे जिवाणू आपल्याला आजारी पाडत नाहीत. आणि उत्तर सोपं आहे, अँटिबायोटिक आपण शोधली असली तरी बनवणारे जिवाणूच, तेही कोट्यवधी वर्षांपासून. जो विष बनवतो त्याला स्वतः त्यातून वाचायला लागतं आणि शेजाऱ्यालाही वाचायला लागतं, त्यामुळे रेझिस्टन्स अँटिबायोटिकइतकाच जुना. आपण नवीन काय केलं, तर औषधांचा इतका मारा केला की ज्यांच्याकडे हे जीन्स होते तेच उरले आणि रोगजंतूंमध्ये ते पसरत गेले.

मला स्वतःला नवीन औषधापेक्षा हे जास्त कामाचं वाटतं. त्या पेनिबॅसिलसमध्ये रेझिस्टन्सच्या पाच अशा युक्त्या निघाल्या ज्या आधी माहीतच नव्हत्या. उद्या हॉस्पिटलमधल्या जंतूत तसलीच एखादी आली तर निदान ओळखता तरी येईल, आणि औषध बनवतानाच ती चुकवायचा विचार करता येईल.

प्रश्न : बारावीत आहे, मायक्रोबायोलॉजी करायचंय. सुट्टीत एखाद्या गुहेतून स्वॅब आणून घरी वाढवून बघू का?

नको रे बाबा. वटवाघळांच्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी असू शकते, तिची धूळ श्वासात गेली तर फुफ्फुसाचा आजार होतो. उलट बाजूही आहे, तुझ्या बुटांवरून तू आत काय नेशील? अमेरिकेत २००६ पासून वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येऊन लाखो मेली, आणि ती बुरशी बहुधा माणसांबरोबरच तिथे पोचली असावी असं मानतात. म्हणून संशोधक परवानगी काढतात, कपडे-बूट निर्जंतुक करतात आणि जेमतेम लागेल तेवढाच नमुना घेतात.

प्रयोग करायचाच तर कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांना किंवा मॅडमना विचारून, बाहेरच्या साध्या मातीवर कर. टेक्सोबॅक्टिन हे अँटिबायोटिक, ज्याचा २०१५ मध्ये एवढा गाजावाजा झाला, ते मातीतल्याच जिवाणूचं, फक्त त्याला प्लेटऐवजी मातीतच बारीक कप्प्यांच्या चिपमध्ये वाढवलं होतं. वर सांगितलेल्या आडव्या-उभ्या रेघा तुलाही जमतील, रोगजंतूंऐवजी लॅबमधला निरुपद्रवी बॅसिलस जिवाणू घे. सगळ्या रेघा ओढून झाल्या की प्लेट टेपनं बंद कर, मग उघडू नकोस, आणि काम झालं की ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक केल्याशिवाय) टाकू नकोस.