दीन (धर्म) सोडल्याचे जाहीर करण्याआधी विवाहाची नोंदणी

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात राहतो. जन्माने सुन्नी मुस्लिम असलो तरी काही वर्षांपासून मी ईश्वर मानत नाही. नमाज-रोजा सोडल्याचे लक्षात आल्यावर जमातीने बैठक घेऊन माझ्या घराशी कोणी व्यवहार ठेवू नये, असे ठरवले. दुकानदार सामान देत नाही, कब्रस्तानात जागा मिळणार नाही असेही बजावले आहे. आईवडील हयात नाहीत. वडिलांची कलमबाग आम्हा दोघा भावांची. पण ‘दीन सोडलास, हिस्सा गेला’ असे भाऊ म्हणतो. पत्नी श्रद्धाळू असूनही माझ्या पाठीशी आहे. आम्हाला एकच मुलगी आहे. धर्म सोडल्याचे प्रतिज्ञापत्र करून ते राजपत्रात प्रसिद्ध करावे काय?

उत्तर : तूर्त करू नये. आपल्याला तसे करण्याचा अधिकार नाही म्हणून मी हे सांगत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 25 मधील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही येते आणि शासन कोणालाही धर्म नोंदवण्याची सक्ती करू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. मुलीच्या शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘कोणताही नाही’ असे आपण लिहू शकता. मात्र लेखी जाहीर घोषणेचे परिणाम आपल्या विवाहावर आणि मुलीच्या वारसाहक्कावर होऊ शकतात, आणि त्याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही.

विवाहित मुस्लिम स्त्रीने इस्लाम सोडला तरी तेवढ्याने तिचा विवाह संपुष्टात येत नाही, अशी तरतूद 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमाच्या कलम 4 मध्ये आहे. पुरुषासाठी अशी तरतूद नाही. पतीने धर्मत्याग केल्यास विवाह तत्काळ विसर्जित होतो, हा मुस्लिम विधीतील जुना नियम त्याच्या बाबतीत तसाच राहिला आहे. पत्नी आपल्यासोबत नांदत असताना ‘तुमचा निकाहच राहिला नाही’ असे म्हणण्याची संधी आपल्याच प्रतिज्ञापत्राने भावाला किंवा जमातीला का द्यावी?

म्हणून आधी विशेष विवाह अधिनियम, 1954 च्या कलम 15 खाली आपल्या विवाहाची नोंदणी करून घ्यावी. त्यासाठी निकाह झालेला असणे, तेव्हापासून आपण उभयतांनी पतिपत्नी म्हणून एकत्र राहिलेले असणे आणि अर्जावर दोघांच्याही सह्या असणे आवश्यक आहे. पत्नीला आपली श्रद्धा सोडावी लागत नाही, ही बाब तिला नीट समजावून सांगावी. अर्जानंतर विवाह अधिकारी जाहीर सूचना देऊन हरकतींसाठी 30 दिवस थांबतात, तेव्हा गावात बातमी पोहोचेल हे गृहीत धरावे. प्रमाणपत्रावर तीन साक्षीदारांच्याही सह्या लागतात. ते गावाबाहेरचे असलेले बरे.

या नोंदणीने कलम 18 व 21 नुसार आपल्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो. फरक किती पडतो ते पाहावे. शरियतच्या हिशेबाने आपल्या पश्चात पत्नीला एक-अष्टमांश आणि मुलीला निम्मा हिस्सा मिळून उरलेले तीन-अष्टमांश त्याच भावाकडे जातील. 1925 च्या अधिनियमानुसार पत्नीला एक-तृतीयांश व मुलीला दोन-तृतीयांश मिळेल, भावाला काहीही नाही. कासरगोडचे वकील सी. शुक्कूर यांनी मुलींच्या हक्कासाठीच 8 मार्च 2023 रोजी आपल्या पत्नीशी या अधिनियमाखाली पुन्हा विवाह केला होता. ते स्वतः श्रद्धावान मुस्लिम आहेत. केवळ ‘मी आता मुस्लिम नाही’ असे जाहीर केल्याने शरियतचा वारसा कायदा सुटतो काय, हा प्रश्न केरळमधील एका महिलेच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये विचारात घेतला. ज्या मुद्द्यावर तेथे वाद चालतो, त्याच्या भरवशावर मुलीचे हित सोडू नये.

बागेबाबत भावाचे म्हणणे निराधार आहे. मुस्लिम विधीत वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणीच निहित होतो. त्यानंतर वारस काय मानतो यावर तो परत जात नाही. सातबारा काढून वारस म्हणून आपले नाव लागले आहे काय ते पाहावे, नसल्यास तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि ‘गावातला वाद मिटवू’ म्हणून पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर मुळीच सही करू नये.

बहिष्काराविरुद्ध आपल्या हाती महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा 2016 चा अधिनियम आहे. तो जुलै 2017 पासून अमलात असून तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे. दफनभूमी नाकारणे आणि व्यवहार तोडणे ही दोन्ही कृत्ये त्यात मोडतात. गुन्हा दखलपात्र, परंतु जामीनपात्र आहे. आरोपी लगोलग गावात परततील, हे ध्यानात ठेवूनच फिर्याद द्यावी. फिर्यादीत बैठकीची तारीख, हजर असलेल्यांची नावे, दुकानदाराने कोणत्या दिवशी काय शब्दांत नकार दिला, हे लिहावे आणि व्हॉट्सॲपवरील निरोप जपून ठेवावेत. ‘मी या समाजाचा राहिलो नाही’ हे वाक्य मात्र त्यात घालू नये. कायद्यातील समाजाची व्याख्या जन्मानेही लागू होते, तेव्हा ‘मी या समाजात जन्मलेला आहे’ एवढे विधान सत्य आणि पुरेसे आहे. पोलिसांनी टाळाटाळ केल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट तक्रार करता येते.

फेसबुकवर काय लिहिता याकडेही लक्ष असू द्यावे. ईश्वर न मानणे हा गुन्हा नाही, परंतु बुद्ध्या व दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केल्याचा आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली येतो आणि आपल्या विरोधकांना तेवढे निमित्त पुरते.

अंत्यविधीचा प्रश्न आपण उल्लेखापुरताच मांडला आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांचे 1977 मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कोणत्याही धार्मिक विधीविना त्यांचे दहन करण्यात आले. अशी इच्छा लिहून ठेवता येते, पण ती पार पाडणे प्रत्यक्षात पत्नी व मुलीच्या हाती असते. त्यांच्याशी बोलून, नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर मृत्युपत्र करावे आणि त्यातच ती नमूद करावी. प्रतिज्ञापत्राचा विचार त्यानंतर करू.